कादवेची ओटी

१ सप्टेंबर २००८, सोमवार

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. कुठल्यातरी औषध कंपनीची, कोरी राहिलेली. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेला वार खोडून मी खरा लिहिते. पल्लवीने दिली. म्हणाली, "मावशी, पाटीवरच्या दिव्याचा रंग बदलला की वेळ लिहायची. बदलला नाही तर काही लिहायचं नाही."

मी म्हटलं, "चौथी शिकलेय मी. ती पण अर्धी. कांदे लावायला आई शाळेतून ओढून न्यायची."

"घड्याळ कळतं ना? हिरवा, पिवळा, लाल कळतो ना? मग झालं."

झालं काय झालं. एवढं मोठं पान दिलंय, त्यावर दोन ओळी लिहून सोडून द्यायचं? माझ्याच्याने होणार नाही. मी जरा जास्त लिहीन.

मी साळूबाई. गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरचं ऑफिस आहे. तिथला झाडू-पोछा आणि चहा सहा वर्षं माझ्याकडे. जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांची माहिती इथे राहते. कुठल्या गटाची बाटली कुठे शिल्लक आहे, ते. मालेगावात कुणाला रक्त लागलं की तिथला माणूस कॉम्प्युटरवर विचारतो, आणि आमच्या गार खोलीतल्या पाच मशिनी उत्तर देतात. मी पल्लवीला विचारलं, पाच कशाला, एक पुरत नाही? ती म्हणाली, "घराची एक किल्ली तुम्ही शेजारी ठेवता, एक बहिणीकडे. तसं. प्रत्येक गोष्ट तिघींना तरी माहीत असते. एक पडली तर दुसरी सांगते."

हे कळलं. सरळ सांगितलं की कळतं मला.

पल्लवी भोये पाच महिन्यांपूर्वी लागली. सुरगाण्याकडच्या पाड्यावरची, इंजिनिअर. अंगाने काडी. बोलते इतकं हळू की दोनदा विचारावं लागतं. मला हळू बोलणारी माणसं आवडत नाहीत. तिने मशिनींची तब्येत दाखवणारी ही पाटी बनवली. पाटी म्हणजे जुन्या टीव्हीएवढा जाडजूड पडदा, त्यावर पाच चौकोनी दिवे आणि खाली रेघोट्या. साहेबांनी हॉलमध्ये जागा दिली नाही. म्हणून तो पडदा माझ्या गॅससमोर, कपांच्या फळीवर आला. कप खाली आले. मी साडेसातला येते, बाकीचे दहाला. मधल्या वेळात पाटीला मी एकटी.


४ सप्टेंबर, गुरुवार

७.४० तीन पिवळा. ७.४३ हिरवा.
८.१० चार पिवळा. ८.१२ हिरवा.
८.३० तीन पिवळा. ८.३१ हिरवा.
८.४० चहा उतू गेला. पाटीकडे बघत होते म्हणून. हे पण पल्लवीने वाचावं.


८ सप्टेंबर, सोमवार

आज मी तिला म्हटलं, नंबरने कैद्यांना हाक मारतात. तीन, चार, काय आहे ते? नावं दे त्यांना.

तिने कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाली, "नद्यांची देऊ?"

अर्ध्या तासात पाटीवर नावं आली, आणि तीही मराठीत. गोदा, दारणा, कादवा, पार, गिरणा. पार तिच्या गावाकडची. कादवा माझ्या माहेरची. वणीच्या अलीकडे आमचं गाव, कादवेत पोहायला शिकले मी. मी तिला हे कधी सांगितलं होतं? सांगितलं असेल. माझं तोंड काही बंद नसतं.

योगेश आला आणि हसला. योगेश इथला जुना, पल्लवीच्या वरचा. "मावशी, आता आरती पण म्हणा रोज."

"तुला दिवा धरून उभा करीन," मी म्हटलं.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

योगेशने आज डोकं उठवलं. पाटीचा दिवा बदलला की त्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. काल एकसष्ट गेले. तो पल्लवीला सगळ्यांसमोर बोलला, "ही पाटी आहे की चाळीतली भांडखोर बाई? काही झालं नसताना ओरडते. एक दिवस खरंच काही होईल आणि मी फोन बंद करून बसलेला असेन."

पोरगी उठली. माझ्या समोर येऊन स्टुलावर बसली. चहा दिला, तो तिने नुसता हातात धरला.

मी म्हटलं, "ए पल्लवे, दूध तापवतेस ना खोलीवर?"

"हो."

"दूध गरम झालं म्हणून पळत जातेस का? वर यायला लागलं की जातेस. आणि पोर एकदा शिंकलं म्हणून डॉक्टरकडे कोण नेतं? शिंकतच राहिलं, तर न्यायचं. तुझी पाटी बघ कशी, मशीन जरा कुठे हुश्श म्हणाली की हिची बोंब."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ही रडते. रडली नाही. कप ठेवला, मला घट्ट मिठी मारली आणि पळाली. चहा तसाच. दुपारभर कीबोर्ड बडवत होती. संध्याकाळी सांगायला आली, आता दहा मिनिटं सलग बिघाड राहिला तरच दिवा बदलेल.

मग मी काय वेगळं सांगितलं होतं? मिठी कशाची ते कळलं नाही. आणि दूध घातलेला चहा ओतून द्यावा लागला.


१५ सप्टेंबर, सोमवार

आज एकच. ८.५५ कादवा पिवळी. ९.२० हिरवी. योगेशचा फोन दिवसभर गप्प.


१९ सप्टेंबर, शुक्रवार

पल्लवीचा बाप आला होता, बुधा नाव. सुरगाण्याहून पहाटेची बस धरून. पायात चप्पल नवी, अंगठा सोललेला. हॉलमध्ये खुर्ची दिली तर बसेना, माझ्याजवळ खाली येऊन बसला. नागलीचं पीठ आणलं होतं पोरीसाठी. मला पण काढून दिलं, न विचारता. अशी माणसं मला चालतात.

पल्लवी कामात होती. त्याने पाटीकडे बोट केलं. "बाई, हे काय हाय?"

सांगितलं. पार दाखवली. तो उठून जवळ गेला, पडद्याला हात लावणार होता, मग मागे घेतला. "आमची पार हिरवी हाय."

"हिरवीच असते ती. माझी कादवाच सारखी तापते."

मग तो हळूच म्हणाला, "बाई, पोरगी नोकरीत पक्की होईल ना? मागं दोघी हायेत. एक नववीला, एक सातवीला. भाऊबंद म्हणतात, शिकून काय झालं, पल्लवी आली परत तर यांना बी काढ शाळेतून, द्राक्षाच्या कामाला ने. मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांबा. सहा महिने दसऱ्याला होतात."

मी म्हटलं, "होईल. न व्हायला काय झालं?"

मला काय माहीत होईल की नाही. पण त्याच्या अंगठ्याकडे बघून दुसरं काही बोलवेना.

माझ्या लेकीला, उज्वलाला, मी नववीतून काढली होती. कारण होतं. त्या वेळी कारण होतंच. आज ते आठवायला बसले तर नीट आठवेना.


२५ सप्टेंबर, गुरुवार

साहेबांनी सांगितलं, खंडेनवमीला दुपारी एक वाजता रक्तपेढ्यांचे मोठे डॉक्टर येणार, पाटी बघणार. त्यांना पटली तर पल्लवीला पक्कं केल्याचं पत्र मिळेल. योगेश साहेबांना म्हणत होता, बाहेरची तयार पाटी विकत मिळते, ती घ्या, पोरीच्या प्रयोगावर भरवसा नको. थोड्या वेळाने पल्लवी आत गेली, तेव्हा साहेब तिला म्हणाले, तुमची पण चांगली आहे. साहेब माणूस वाईट नाही, पण कान हलका. शेवटचं जो बोलेल त्याचं खरं.

कादवा मात्र रोज तापतेय. गार खोली पुसताना मी पल्लवीला विचारलं, हिलाच का? तिने सगळं दाखवलं. पाच मशिनी लोखंडी मांडणीवर बसलेल्या, पुढे जाळी. जाळीतून गार वारा आत घेतात, मागून गरम सोडतात. कादवेच्या आतला पंखा म्हातारा झालाय. नवा मागवलाय.

त्या खोलीत माझ्या गुडघ्यात कळ येते. आणि ही म्हणे तापते.


३० सप्टेंबर, मंगळवार

घट बसले. उपास धरलाय नऊ दिवसांचा. पल्लवी पण धरते म्हणाली. तिला म्हटलं, तू आधी जेवायला शीक.

मनात वणीच्या सप्तशृंगीला सांगितलं, आई, पोरीचं काम होऊ दे. बदल्यात काय देऊ ते सुचलं नाही. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून कुणाची ओटी भरली नाही. विधवेच्या हातची कोण घेतं? देवळातसुद्धा मी खण-नारळ दुसरीच्या हातात देते, ती पुढे जाते, मी मागून बघते.


६ ऑक्टोबर, सोमवार

७.५० कादवा पिवळी. ९.१५ हिरवी.

नवा पंखा बसवला. पल्लवीचे डोळे खोल गेलेत. साबुदाण्याची खिचडी समोर बसून खायला लावली. चार घास खाल्ले. म्हणाली, "मावशी, बुधवारी एक दिवस कादवा शांत राहिली ना, बस्स."

"राहील. माझ्या माहेरची आहे."

"म्हणूनच तापट आहे," ती म्हणाली. हळू बोलते, पण चावते.


८ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

११.०० हॉलमध्ये कॉम्प्युटरांची पूजा झाली. झेंडूचे हार, हळदीकुंकू, पेढे. कुंकू लावायला मला कोणी पुढे बोलावलं नाही. मी पण गेले नाही. साहेबांनी परत सगळ्यांना सांगितलं, गार खोलीत काही न्यायचं नाही, नेलं तर उद्यापासून कामावर यायचं नाही. गेल्या वर्षी कुणीतरी आत उदबत्ती लावली आणि आगीची घंटा वाजली होती.

१२.१५ आता हे लिहिते, कारण जे घडलं ते लिहायचं असं ठरलंय. सगळे जेवायला गेले तेव्हा मी किल्लीने गार खोली उघडली. पुसायची होतीच. पिशवीत खण होता, हिरवा, लाल काठाचा. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी घरूनच आणली होती. नदीची ओटी भरतातच की. आमच्याकडे पूर ओसरला की बायका कादवेची ओटी भरायच्या. माझी आई भरायची, मी ताट धरायची.

विधवेने भरू नये, माहीत आहे. पण मशिनीला कुठे माहीत मी कोण?

पाचींना मनात नमस्कार केला. कादवेला खण नेसवला. मांडणीच्या दोन खिळ्यांना दोन टोकं खोचली, मधे नीट निऱ्या काढल्या. पुढून सगळी झाकली, छान दिसली. डोक्यावर नारळ-तांदळाची ताटली ठेवली. म्हटलं, बाई, आज एक दिवस थंड राहा. पोरीची लाज राख.

दार लावून घेतलं.

१२.५० कादवा पिवळी.

१.०५ डॉक्टर आले. चौघं. चहा.

१.१५ कादवा लाल. पहिल्यांदाच लाल बघितली मी.

१.३५ कादवा पिवळी.
१.५० हिरवी.

(संध्याकाळी, घरी.)

लाल झाली तेव्हा सगळे पाटीसमोर उभे होते. पल्लवी पळत गार खोलीत गेली. योगेशने आपल्या कॉम्प्युटरवर बघितलं. "सर, सगळं चालू आहे. मालेगावला उत्तरं जातायत, मनमाडला जातायत. हे लाल कशाचं ते तिलाच विचारा."

पाचेक मिनिटांनी पल्लवी बाहेर आली. ओढणी पोटाशी घट्ट धरलेली, तोंड पांढरं. साहेबांनी विचारलं, "काय झालं होतं आत?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "काही नव्हतं सर. पाटीचीच चूक असेल."

एक डॉक्टर दुसऱ्याला म्हणाले, खोटं ओरडणारी पाटी आम्हाला काय कामाची. पेढा पण घेतला नाही त्यांनी. साहेब पल्लवीला म्हणाले, "दसऱ्यानंतर बोलू." बास. तो सूर मला माहीत आहे. पल्लवीच्या आधी होता त्या मुलालाही असंच म्हणाले होते, तो परत दिसला नाही.

पोरगी असं का बोलली? पाच महिने जिच्यावर जीव टाकला त्या पाटीलाच खोटं पाडलं.

पाच वाजता गार खोली पुसायला गेले. खण नाही. नारळ नाही. तांदळाचा दाणासुद्धा नाही. बाहेर पल्लवीच्या खुर्चीवर तिची पिशवी, आणि त्यातून हिरवा खण डोकावतोय.

मग माझं डोकं फिरलं. तिला म्हटलं, "माझ्या ओटीला हात का लावलास?"

तिने पिशवी उचलली.

"विधवेच्या हातची म्हणून उचललीस ना? मी अभद्र केलं, म्हणून देवी कोपली, म्हणून लाल झाली. तुला हेच वाटलं ना? बोल की!"

ती एवढंच म्हणाली, "मावशी, चुकलं माझं. हा घ्या तुमचा खण."

"ठेव तुझ्याकडे. उचललेली ओटी मी परत घेत नाही."

घरापर्यंत चालत आले. रिक्षात बसायचं पण सुचलं नाही. खरं सांगू तर मला पण तेच वाटतंय. माझाच हात. नऊ वर्षं लांब राहिले, आणि नेमकं आज पुढे झाले.


९ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं द्यायला कोणाकडे गेले नाही. दुपारी उज्वला पोरीला घेऊन आली. सहा वर्षांची आहे, ताप होता तिला. उज्वला बाजूला गेली तेवढ्यात मी नातीला गोधडीत गुंडाळलं, वरून माझी शाल, कानाला बांधलं, नीट झाकलं. उज्वला आली आणि तिने सगळं ओढून काढलं.

"आई! तापात झाकतात का? वारा नको लागायला अंगाला? गुंडाळलं की ताप डोक्यात जातो!"

"आमच्या वेळी गुंडाळायचे."

"तुमच्या वेळी बरंच काय काय करायचे."

तिने ओल्या फडक्याने पोरीचं अंग पुसलं. खिडकी उघडली. अर्ध्या तासात पोर खेळायला लागली.

मी गोधडीची घडी घातली. मग ही डायरी काढली. उज्वलाने विचारलं, "तू लिहितेस?" मी मान डोलावली. कालचं पान उघडलं.

१२.१५ खण नेसवला. १२.५० पिवळी. १.१५ लाल. मग पल्लवी आत गेली. १.३५ पिवळी. १.५० हिरवी.

मग मागे जाऊन पंचवीस तारखेचं पान काढलं. जाळीतून गार वारा आत घेतात. माझंच अक्षर.

मी तिच्या तोंडावर कापड बांधलं होतं. नीट निऱ्या काढून.

देवी कोपली नव्हती. विधवेचा हातबित काही नव्हता. आणि पोरीने आत जाऊन बघितलं, तिला एका नजरेत कळलं, आणि तिने खण ओढणीत लपवला. साहेबांना खरं सांगितलं असतं तर तिची पाटी खरी ठरली असती आणि माझं काम गेलं असतं. तिने पाटी खोटी पाडली. त्या दोघी बहिणींचं नाव सुद्धा नाही काढलं. आणि मी तिला काय बोलले ते वर लिहिलंय. खोडणार नाही.

उज्वला म्हणाली, "आई, रडतेस काय? पोरीला काही झालं नाही."

मी म्हटलं, "उज्वले, तुला मी शाळेतून काढायला नको होती."

तिने फडकं परत पाण्यात बुडवलं. मग पोरीचं ओलं फडकं पिळत म्हणाली, "आज कुठून आठवलं हे?" आणि उठून चहा टाकला. माझ्यासाठी साखर जास्त.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

साडेदहाला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. न विचारता. योगेश तिथेच होता. पल्लवीला हाक मारली, "ए, तू पण ये आत."

तिने माझ्या हातातली डायरी बघितली आणि तिला कळलं. "मावशी, नको," म्हणाली. माझा हात धरला. मी सोडवला.

"साहेब, बुधवारी पाटी खरं बोलली होती. मी कादवेची ओटी भरली. तोंडावर खण बांधला. हिने काढला आणि लपवला, माझं काम जाऊ नये म्हणून. हे वेळेसकट लिहिलंय. वाचा."

साहेबांनी चष्मा लावला. वाचायला लागले, आणि बुधवारचं पान वाचून पण थांबेनात, मागे मागे जात राहिले. मला ते लक्षातच नव्हतं. एका जागी थांबले आणि मोठ्याने वाचलं, "साहेब माणूस वाईट नाही, पण कान हलका. शेवटचं जो बोलेल त्याचं खरं."

योगेश छताकडे बघायला लागला.

साहेब म्हणाले, "हं. मग आज शेवटचं कोण बोलतंय, साळूबाई?"

"मीच," मी म्हटलं.

योगेश म्हणाला, "सर, पण तेव्हा सगळं चालू होतं. मी स्वतः बघितलं."

"तोंडाने वाद कशाला? मी परत खण लावते, तुम्ही पाटीसमोर उभे राहा."

खण नको म्हणाले साहेब. खुर्चीवरचा टॉवेल काढून दिला. योगेशने स्वतः नेऊन कादवेच्या जाळीवर लावला. आम्ही चौघं माझ्या गॅससमोर उभे. साहेब कधी तिथे उभे राहिले नव्हते, त्यांच्या डोक्याला फळी लागली. पाच मिनिटं झाली, काही नाही. दहा झाली. योगेश घड्याळ बघतो, साहेब पाटी बघतात, पल्लवी जमिनीकडे. मी चहा टाकला. नुसतं उभं राहायचं मला जमत नाही.

११.२५ कादवा पिवळी.

योगेशच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून बघितला. मालेगावला विचारून बघितलं, तिथे उत्तर व्यवस्थित जात होतं.

तेव्हा पल्लवी बोलली. आणि या वेळी दोनदा विचारावं लागलं नाही. "बाकीच्या चौघी सांभाळून घेतात, म्हणून बाहेर कोणाला कळत नाही सर, की पाचवी आजारी आहे. मग दुसरी पडते, तिसरी पडते. आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी कोणाला तरी रक्त हवं असतं. पाटी त्यासाठीच आहे."

योगेश जाऊन टॉवेल काढून आला.

११.५० हिरवी.

योगेशने पल्लवीला विचारलं, "दहा मिनिटं थांबून मगच ओरडायचं, हे कुठून काढलंस? म्हणून फोन गप्प असतो ना हल्ली?"

"दुधावरून," ती म्हणाली.

साहेब मला म्हणाले, "साळूबाई, गार खोलीची किल्ली ठेवा इथे." मी कमरेची काढून टेबलावर ठेवली. सहा वर्षं होती. आता तिथे हलकं हलकं लागतंय.

"आणि कामाचं?" मी विचारलं.

"डॉक्टरांना मी फोन करतो, परत या म्हणून. तुम्ही चहा आणा."

बाहेर आल्यावर पल्लवी म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे करायला?"

"तुला कोणी सांगितलं होतं?"

मला माफी मागता येत नाही, कधी मागितलीच नाही कुणाची. डब्यातली थालीपीठं होती, त्यातली तीन तिला दिली. मला एक ठेवलं. तिने बघितलं आणि समजली.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टर आले. पाचही हिरव्या. योगेशनेच त्यांच्यासमोर टॉवेल लावून दाखवला आणि पाटी पिवळी झाल्यावर असा हसला, जसं काय त्यानेच बनवलीय. या वेळी पेढे खाल्ले त्यांनी. एक डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "त्या ओटीवाल्या तुम्हीच का?" म्हणजे साहेबांनी सगळीकडे सांगितलंय.


२५ ऑक्टोबर, शनिवार

पल्लवीला पत्र मिळालं. काल. आज ती दिवाळीला घरी निघाली. बस नऊची, पण पिशवी घेऊन आठलाच माझ्यासमोर हजर. मला तीन कागद दिले. उज्वलाला बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. "पुढच्या वर्षीसाठी. त्यांना विचारा आधी," म्हणाली. विचारीन. शिव्या देईल बहुतेक, पण विचारीन.

मग तिने पिशवीतून तो हिरवा खण काढला. घडी केलेला, वर नारळ. पुडीत तांदूळ, तेच. आणि माझ्यासमोर ओढणी पसरून उभी राहिली.

"भरा."

"वेडी झालीस? मी विधवा आहे."

"कादवेची भरलीत ना."

"तिचं काय झालं बघितलंस ना?"

"तोंडावर बांधू नका म्हणजे झालं."

"अगं, लग्न तरी होऊ दे तुझं. कुमारिकेची अशी भरत नाहीत."

"पत्राची भरा. आमच्या पाड्यावर माझी आजीच सगळ्यांची भरायची, तिला पण आजोबा नव्हते. कोणी काही म्हटलं नाही."

मी इकडे तिकडे बघितलं. ऑफिसात कोणी नव्हतं. असतं तरी काय. हात धुतले, पुसले. खण ठेवला, नारळ ठेवला, पाच ओंजळी तांदूळ घातले. कुंकू नव्हतं जवळ. तीच म्हणाली, राहू दे. तिने वाकून नमस्कार केला, तिचं डोकं माझ्या पोटाशी आलं, तेव्हा मी त्यावर हात ठेवला.

मग ओरडले, बस जाईल, पळ. बुधाला सांग नागली संपली.

८.३५ गोदा, दारणा, कादवा, पार, गिरणा. पाचही हिरव्या.

रंग बदलला नाही तर काही लिहायचं नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी लिहिलं.